यंदा दोन सणांची भाजी घरची

पत्र थोडक्यात असं:

आम्ही धायरीत दुमजली रो-हाऊसमध्ये राहतो. मी, नवरा, सासूबाई, नववीत जाणारी मुलगी आणि चौथीतला मुलगा. आम्ही दोघंही नोकरी करतो. घर दक्षिणमुखी आहे, मागे वीस बाय बावीस फुटांचं परस, वर गच्ची. खेड शिवापूरजवळ तीन गुंठ्यांचा प्लॉटही घेऊन ठेवलाय. तिथे कुंपण आहे, पण पाणी नाही. नवऱ्याने यंदाच्या ध्येयांची यादी फ्रिजवर लावली आहे: गुढीपाडव्यापासून बाजारातली भाजी बंद, गच्चीवर विटांचे वाफे, दहा कोंबड्या, मधमाश्यांच्या दोन पेट्या, पावसाच्या पाण्याची टाकी, सगळं बी घरचं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर परसात टोमॅटो आणि फ्लॉवर लावले होते. रोपं नुसती उंच वाढली, हाती काही आलं नाही. माझ्या हाताला गुणच नाही. सासूबाई जुन्नरकडच्या, सगळं आयुष्य शेतात गेलं. त्या म्हणतात, “मातीत राबून कसंबसं बाहेर पडलो, आता पैसे घालून परत मातीत?” प्रत्येक गोष्टीत त्यांचा खोडा असतो. नवऱ्याचा उत्साह खरा आहे, पण महिनाभराने सगळं निस्तरायला मीच उरेन अशी भीती वाटते. नाही म्हटलं तर मीच मोडता घालते असं होतं. काय करू?

*

आधी टोमॅटोचं बोलू या. तुमच्या हाताला गुण नाही हे खरं नाही. काय बिनसलं ते तुम्हीच दिलेल्या मापांत दिसतंय. घर दक्षिणमुखी, म्हणजे परस उत्तरेला. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. 13 मेच्या आसपास इथे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही. तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच झुकलेला असतो, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्या परसात भरपूर ऊन येतं. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे, क्षितिजापासून 48 अंशांवर असतो. गच्चीच्या कठड्यासकट तुमचं घर 23-24 फूट उंच धरलं तर त्याची सावली मागे साधारण 21 फुटांपर्यंत जाते, आणि तुमचं परस आहे 20 फूट. दिवाळीनंतर लावलेल्या त्या टोमॅटोला थेट ऊन जवळजवळ मिळालंच नाही. ऊन शोधत रोप उंच, बारीक आणि फिकट होत जातं, फूल आलं तरी फळ धरत नाही. फळभाजीला रोज निदान सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाजीचं चार तासांत भागतं. तुमच्या जागी कुणीही असतं तरी त्या जागेत त्या महिन्यात टोमॅटो आला नसता.

यातून जागेची वाटणी आपोआप होते. परस उन्हाळ्याचं आणि पावसाळ्याचं, गच्ची हिवाळ्याची. ज्यांच्याकडे नुसती बाल्कनी आहे त्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन आतपर्यंत येतं, तिथे मेथी-कोथिंबीर छान होते. मे-जूनमध्ये त्याच बाल्कनीवर वरच्या मजल्याची सावली असते. बी आणण्याआधी एका सुटीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता खडूने सावलीची कड आखून ठेवा. आता एकदा करा आणि डिसेंबरात पुन्हा. दोन्ही खुणा पाहिल्या की कुठे काय लावायचं याचा निम्मा वाद मिटतो.

आता यादीतलं पहिलं वाक्य, पाडव्यापासून बाजारातली भाजी बंद. त्यामागची इच्छा मला फार आवडली, तरी ते तसंच ठेवू नका असं मी सांगेन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे. पाच माणसांचं घर, मुलांचं थोडं कमी धरलं तरी दिवसाला पावणेदोन किलो, वर्षाला सहाशे किलोंच्या पुढे. एवढी भाजी पिकवायला पाच माणसांच्या घरासाठी साधारण 250 चौरस मीटर परसबाग धरतात, म्हणजे अडीच गुंठे, तेही बारमाही पाणी आणि रोज हात लावणारी माणसं आहेत असं गृहीत धरून. तुमच्या परसातून धुण्याचा दगड, पाण्याची टाकी आणि पायवाट वजा केली तर 300 चौरस फूट उरतील. म्हणजे गरजेच्या एक नवमांश जागा, आणि त्यातही हिवाळ्यात ऊन नाही. असं ध्येय ज्या दिवशी कोथिंबिरीची पहिली जुडी विकत आणावी लागते त्याच दिवशी मोडतं, आणि मग यादीतल्या बाकीच्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

शिवाय मुहूर्त. भाजी पेरायला पाडवा हा पुण्यातला सगळ्यात अवघड काळ. पुढचे अडीच महिने कडक उन्हाचे असतात. त्या दिवसांत भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. तुमच्या तीनशे फुटांना दीडशे लिटर होतं, घरातल्या एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्यापेक्षा जास्त. धायरीत एप्रिल-मेमध्ये टँकर किती वेळा मागवावा लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. टँकरच्या पाण्यावर भेंडी पिकवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. पाडव्याला पेरणी करू नका, फावडं हातात घ्या. त्याबद्दल पुढे सांगते.

मग यंदाचं ध्येय काय ठेवायचं? दोन भाज्या ठेवा: ऋषिपंचमीची आणि भोगीची.

हे मी सणाच्या हौसेपायी म्हणत नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, माणसाने हाताने पिकवलेलं खायचं अशी रीत आहे, आणि ती भाजी पूर्वी सगळी परसातूनच यायची. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, चवळीच्या शेंगा, मक्याचं कणीस, सुरण. घराघरात थोडा फरक असतो, पण ही यादी म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात पावसाळ्यात परसात काय येतं त्याचं तयार नियोजनच आहे. भोगीची भाजी तशीच हिवाळ्याची: वांगी, गाजर, पावटा, सोलाणे, ओल्या शेंगा. एक ध्येय खरिपाचं आणि एक रब्बीचं. दोघांनाही ठरलेली तारीख आहे, त्यामुळे मागे मोजत जाऊन पेरणी कधी करायची ते कळतं. आणि दोन-तीन जिन्नस बाजारातून आणले म्हणून कुणी हरलं असं होत नाही.

ऋषिपंचमी ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हातरी येते. भेंडीला पेरल्यापासून पहिली तोडणी यायला 45-50 दिवस लागतात, दोडक्याला साधारण दोन महिने, मक्याच्या कोवळ्या कणसाला अडीच महिने, पडवळाला दोन महिन्यांच्या थोडं पुढे, लाल माठाला चारच आठवडे. म्हणजे मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की मका, दोडका, पडवळ आणि भेंडी पेरायची. जुलैत भेंडीची आणखी एक ओळ टाकायची. माठ सणाच्या महिनाभर आधी. अळूचे कंद जूनमध्येच, न्हाणीचं किंवा भांड्यांचं पाणी जिथे जातं त्या कडेला. अळूला थोडी सावली चालते, हिवाळ्यात तुमच्या परसात टिकून राहील असं ते एक आहे. सुरणाला आठ-नऊ महिने लागतात, तो यंदा मंडईतून आणा.

किती लावायचं हेही मोजून घ्या, कारण नवख्या बागेत सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. पाच माणसांना एका वेळच्या भाजीला अर्धा किलोच्या वर भेंडी लागते, त्यासाठी पंचवीस-तीस झाडं हवीत. उलट दोडक्याचे दोन-तीन वेल आणि पडवळाचे दोन पुरे होतात. पाकिटात बी आहे म्हणून सगळं पेरलं की ऑगस्टमध्ये रोज दोडका शिजतो आणि मुलं ताटावरून उठून जातात. भेंडीत परभणी क्रांती ही जुनी, सरळ वाणाची, म्हणजे संकरित नसलेली जात घ्या. पानं पिवळी पाडणाऱ्या केवड्याला ती बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि तिचं बी पुढच्या वर्षी ठेवता येतं.

दोडका-पडवळासाठी सहा फुटांचा मांडव करा. फुलं येतात पण फळ गळतं अशी तक्रार मला बहुतेक दर पावसाळ्यात येते, म्हणून हे जरा नीट सांगते. या वेलींवर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेरापेक्षा लहान, पण हुबेहूब दोडक्यासारखं दिसणारं कोवळं फळ आधीच असतं. नराच्या मागे नुसता देठ. शहरात माश्या आणि पतंग कमी पडले की परागकण एका फुलावरून दुसऱ्यावर जात नाहीत आणि ते इवलं फळ पिवळं पडून गळतं. दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, पडवळाचं पांढरं झालरीचं फूल अंधार पडू लागल्यावर. काकडी, कारलं आणि लाल भोपळा मात्र सकाळची. तुम्ही दोघं संध्याकाळी घरी येता, तेव्हा दोडका तुमची वाटच पाहत असतो. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. हे काम चौथीतल्या मुलाकडे द्या. बागेतलं हे एक काम असं आहे की त्याचा परिणाम चार दिवसांत डोळ्यांना दिसतो.

कोथिंबीर आणि मेथी पावसाळ्यात उघड्यावर पेरू नका. जोराच्या पावसाने ती झोपते आणि सडते, जुलै-ऑगस्टमध्ये बाजारात जुडी महाग होते ती त्याचमुळे. गोगलगायी येतील. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. औषधापेक्षा हे बरं.

भोगीची तयारी गच्चीवर करायची, आणि इथे नवऱ्याच्या यादीतले विटांचे वाफे मी सरळ खोडायला सांगेन. दहा बाय चार फुटांचा, फूटभर खोल वाफा म्हणजे चाळीस घनफूट माती. ओली झाल्यावर तिचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो, आणि गळती कुठून सुरू झाली ते शोधायला पुढे वाफाच फोडावा लागतो. त्याऐवजी जाड पिशव्या आणि जुन्या बादल्या घ्या. त्यात निम्म्याहून जास्त पालापाचोळ्याचं खत, बाकी माती आणि थोडा कोकोपीट, खाली विटेचे तुकडे ठेवून उचललेल्या. वजन खाली तुळया आहेत त्या कडांना ठेवा. ऑगस्टमध्ये वांग्याची सहा रोपं लावा, मांजरी गोटा हे गोल वांगं तर आपल्या हडपसरजवळच्या मांजरीच्या नावाचंच आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गाजर, फूटभर खोल पिशवीत, कारण त्याला तीन महिने लागतात. दसरा-दिवाळीच्या दरम्यान मूठभर हरभरा. मेथी-कोथिंबीर-पालक तिथेच, पण एकदम नाही: दर दहा दिवसांनी तीन फूट बाय तीन फुटांएवढंच पेरत जा, म्हणजे एकाच रविवारी सहा जुड्या निवडत बसावं लागणार नाही.

पावटा मी प्लॉटवर सुचवते. देशी पावटा-वाल जुलैत कुंपणाकडेने टोचला की तो आधी नुसता वेल वाढवतो आणि दिवस लहान होऊ लागले की फुलतो. त्यामुळे नेमका हिवाळ्यात हाती येतो. प्लॉटबद्दल नियम एकच ठेवा. जे रोज तोडावं लागतं ते घराजवळ, जे आठवडाभर तुमच्याविना राहू शकतं ते प्लॉटवर. रविवारी न तोडलेली भेंडी पुढच्या रविवारी जून होऊन काठीसारखी वाकत नाही. लाल भोपळा मात्र पावसाच्या पाण्यावर आपापला पसरतो आणि पिकला की महिनोन् महिने टिकतो. तूरही तशीच. मेमध्ये दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन ठेवा आणि पहिल्या पावसानंतर त्यात दोन शेवगे, एक लिंबू, एक कढीपत्ता लावा. पाऊस संपल्यावर रविवारी चार कॅन पाणी नेऊन पहिली दोन वर्षं ही झाडं जगवता येतात, भाजीचा वाफा जगवता येत नाही. भुईमूग लावायचा असेल तर आधी शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, रानडुकरं येतात का.

आता सासूबाई. त्यांचं वाक्य तुम्ही खोडा म्हणून लिहिलं आहे. मी ते दोनदा वाचलं. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याने ठरवलेल्या शेतात खुरपलं, तिला घरात परत माती येताना पाहून हौस वाटावी अशी अपेक्षा आपण का धरतो? तिच्या लेखी माती म्हणजे कंबरदुखी आणि पाण्याची पाळी. आणि तुमच्या पत्रात, तुम्ही किंवा तुमच्या नवऱ्याने काय लावायचं हे त्यांना विचारलं, असं कुठेच दिसलं नाही. यादी फ्रिजवर लागली आणि त्यांनी ती वाचली, एवढंच. त्यांच्याकडून काम मागू नका. निर्णय मागा. ऋषिपंचमीच्या भाजीत त्यांच्या माहेरी काय काय घालायचे, अळू कुठे लावायचं, माठ कधी टाकायचा, हे त्यांना विचारा आणि त्या सांगतील तसंच करा, इंटरनेटवर वेगळं वाचलं असलं तरी. त्यांच्या ओळखीतून जुन्नरकडून पावट्याचं किंवा माठाचं देशी बी आलं तर “सगळं बी घरचं” या ध्येयाची खरी सुरुवात तीच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती असंच गावोगावचं देशी बी जपल्याबद्दल, आणि त्या ज्ञानाच्या बायका आपल्या घराघरात बसलेल्या आहेत. तरीही त्या नको म्हणाल्या तर नको. त्यांनी आनंदी व्हायलाच हवं असा आग्रह धरू नका.

तुमची जी खरी भीती आहे तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतंय. नाही म्हटलं तर मोडता घातल्यासारखं होतं, असं तुम्ही म्हणता. पण यादीत कुठेही कोण आणि कधी हे लिहिलेलं नाही, आणि अशी यादी नकळत घरातल्या त्या माणसाच्या अंगावर पडते जे अर्धवट राहिलेलं काम पाहू शकत नाही. तुमच्या घरी ते तुम्ही आहात. म्हणून यादी फाडू नका, तिच्यात दोन रकाने वाढवा: नाव आणि वेळ. तुम्ही म्हणता त्याप्रमाणे नवऱ्याचा उत्साह खरा असेल तर त्यांना हे जड जाणार नाही. पावसाळ्यात तीनशे फुटांच्या बागेला रोज अर्धा तास आणि रविवारी दोन तास धरा. सोमवार ते शुक्रवार सकाळचा अर्धा तास त्यांचा, ऑफिसला निघण्याआधी. पाणी, तण, भेंडीची एक दिवसाआड तोडणी. पाहुणे आले, ऑफिसात काम वाढलं, तर तो अर्धा तास कुणाकडे द्यायचा ते त्यांनी ठरवायचं, तुम्ही आठवण करायची नाही.

एक काम या हिशेबात कुणी धरत नाही: निवडणं. घरची पालेभाजी मातीसकट येते, तिच्यात अळ्या असतात, मुळं असतात. एक जुडी निवडून, तीनदा धुऊन पातेल्यात पडायला पंचवीस मिनिटं लागतात. हे स्वयंपाकाच्या खात्यात ढकललं जातं आणि स्वयंपाक कोण करतं ते आपल्याला ठाऊक आहे. निवडण्याचं काम बागेच्या खात्यात टाका आणि रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून अर्धा तास बसा, टीव्ही समोर चालू असला तरी हरकत नाही. मुलीला वही द्या. कधी पेरलं, किती निघालं, किती वाया गेलं. नववीतल्या मुलीला फावडं धरायला लावलंत तर पंधरा दिवसांत ती कंटाळेल. आकडे लिहायला तिला आवडतील. मोबाईल सुटावा म्हणून मुलांना बागेत ओढू नका, ती शिक्षा वाटते. मुलाला दोन बाय तीन फुटांचा वाफा फक्त त्याचा द्या. तिथे त्याने मका लावला काय आणि काहीच लावला नाही काय, आपण हात लावायचा नाही.

यादीतलं बाकीचं थोडक्यात. कोंबड्या यंदा नकोत. दहा कोंबड्यांना रोज किलोभर खाद्य, रोजची सफाई, मांजरं-मुंगूस, भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, आणि दिवाळीत गावी जाताना त्यांना कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. मधमाश्यांच्या पेट्याही यंदा नकोत, पण इथे नवऱ्याच्या उत्साहाला एक चांगली वाट आहे. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपल्या शिवाजीनगरलाच आहे, 1962 पासून. तिथे प्रशिक्षण मिळतं. यंदा त्यांनी ते घ्यावं. तोवर कडेला तुळस, झेंडू, सूर्यफूल लावा, म्हणजे असलेल्या माश्या तरी येतील. पाण्याच्या टाकीचा हिशेब करून पाहा. हजार लिटरची टाकी सातशे फुटांच्या गच्चीवरच्या दोन चांगल्या सरींत भरते, आणि मेमध्ये तीनशे फुटांच्या बागेला आठवडाभरही पुरत नाही. साठवण्यापेक्षा ते पाणी गाळून बोअरमध्ये सोडा. पुणे महापालिका त्यासाठी मिळकत करात सवलतही देते, अटी तेवढ्या पाहून घ्या.

आणि पाडव्याला घ्यायचं ते फावडं. नव्या वसाहतींतल्या परसात वरच्या चार बोटांखाली बहुधा बिल्डरचा राडारोडा आणि मुरूम असतो. फूटभर खड्डा खणा, पाण्याने भरा. तासाभरात जिरलं तर ठीक, दुसऱ्या दिवशीही तुंबलेलं असेल तर गादीवाफे नक्की उंच करावे लागतील, तीन फूट रुंद आणि नऊ इंच उंच. एप्रिलभर खणलेली जमीन उन्हात तापू द्या. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यातल्या रस्त्यांवर पानांचे ढीग पडलेले असतात आणि दुर्दैवाने अजूनही जाळले जातात. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना हवी आहेत त्यांची गाठ घालून देणारा ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम आपल्याच शहरात सुरू झाला. पंधरा-वीस पोती पानं आणा, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या थरांवर थर देत परसाच्या कोपऱ्यात रचा, आठवड्याला वरखाली करा. जूनपर्यंत खालचा भाग वापरण्याजोगा होईल. शेणखत आणाल तर पूर्ण कुजलेलं, काळं, वास नसलेलं. ताज्या शेणातून हुमणीची अळी येते आणि ती मुळं खाऊन टाकते. जूनमध्ये कडुनिंबाखाली निंबोळ्या पडतात त्या मुलाला गोळा करायला सांगा. वाळवून, कुटून, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम या मापाने रात्रभर भिजवा आणि गाळून फवारा. माव्या-तुडतुड्यांना तेवढं पुरतं.

हे सगळं नवऱ्याशी बोलताना यादीत काय चुकलंय तिथून सुरुवात करू नका. उन्हाची मापं घेऊन बसा, टोमॅटो का आला नाही ते दाखवा आणि दोन रकाने काढून द्या. गणपती झाले की एकदा वही उघडून पाहा. सकाळचे अर्धे तास टिकले असतील तर गच्चीवरच्या बाकीच्या पिशव्या भरायला घ्या. टिकले नसतील तर ते तास तुम्ही स्वतःकडे घेऊ नका. परसातले निम्मे वाफे अळूला आणि गवती चहाला सोडून द्या, गच्चीवर कोथिंबिरीच्या आणि वांग्याच्या मिळून चारच पिशव्या ठेवा, आणि भोगीची बाकी भाजी मंडईतून आणा.